बावटा लाटांचे सांगतो, पाण्याचे नाही

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात औरादहून आतेभावाचा फोन आला. कर्नाटकातील शाळांना सुट्टी लागणार होती, गाडी ठरली होती, नऊ माणसांच्या तीन दिवसांच्या मुक्कामाची सोय झाली होती. तरीही त्याच्या बोलण्यात साशंकता होती. "दादा, समुद्राचं पाणी हिरवं पडलंय म्हणं. यावं का नको?" त्याच्याकडे भ्रमणध्वनीवरून फिरत आलेली एक चित्रफीत होती. दाट हिरवट पाणी, काठाला मळकट फेस, वाळूत मेलेले मासे. चित्रफीत कोणत्या किनाऱ्याची आणि कोणत्या वर्षाची, याचा तीत कोठेही उल्लेख नव्हता. मी गोव्यात वृत्तसंपादनाच्या मेजावर बसतो, समुद्र कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरीही त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही. आज गोव्याच्या किनाऱ्यावरचे पाणी अंगाला लागण्याजोगे आहे काय, हे सांगणारे एकही ठिकाण मला आठवेना.

प्रश्न विचारण्यामागे दोन कारणे होती. त्याच्या धाकट्या मुलीला दमा आहे. दुसरे कारण सोन्याचे. गेल्या वर्षी याच सुट्टीत भावजयीच्या मंगळसूत्रातील एक वाटी कंबरभर पाण्यात निसटली. ती वाटी तिच्या सासूच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या अंगावरची होती. घरात त्यावरून कोणी मोठ्याने बोलले नाही, आणि तेच अधिक जड गेले असावे. यंदा भावाने धातू शोधणारे यंत्र, ज्याला सारे मेटल डिटेक्टर म्हणतात, ते विकत घेतले होते. वाळू चाळायची, ओल्या पट्ट्यात दिवसभर फिरायचे आणि वाटी शोधायची, असा त्याचा बेत होता.

बीदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांना चिकटून असलेल्या औराद तालुक्यात हे यंत्र नवलाईचे राहिलेले नाही. पंधराव्या शतकात बहमनींची राजधानी बीदरला आली, त्यांच्यामागून बरीदशाही आली, आणि आजूबाजूला किल्ले, गढ्या, पडके वाडे उरले. त्यांच्याबरोबर गुप्तधनाच्या कथाही उरल्या. पूर्वी त्यासाठी मांत्रिक बोलावत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि कर्नाटकाने २०१७ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यांना गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी प्रकारांचा उल्लेख करावा लागला, यावरून या वेडाची खोली कळते. आता मांत्रिकाच्या जागी काही हजारांत घरपोच येणारे यंत्र आले आहे. माझ्या भावाला मात्र गुप्तधन नको होते. त्याला स्वतःचीच, ठाऊक असलेली वस्तू परत हवी होती, आणि त्यासाठी तो मुलीला घेऊन सहाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करणार होता.

वाटी सापडेल काय, या प्रश्नाची उत्तरे त्याच्याजवळ भरपूर होती, कारण यंत्रे विकणाऱ्यांच्या शेकडो चित्रफिती उपलब्ध आहेत. त्या बहुधा अर्धसत्य सांगतात. या यंत्राच्या तबकडीतून विद्युतचुंबकीय लहरी जमिनीत जातात आणि धातूला लागून परतणाऱ्या लहरींवरून वस्तूचा अंदाज बांधला जातो. कोरड्या वाळूत हे काम सोपे असते. खारे पाणी मात्र स्वतःच विजेचे वाहक असल्याने ओल्या वाळूत साधी, एकाच कंप्रतेवर चालणारी यंत्रे सारखी खोटे संकेत देत राहतात. तेथे चालणारी यंत्रे महाग असतात. त्यातही मंगळसूत्राची वाटी म्हणजे पातळ पत्र्याची, आत लाख भरलेली लहानशी वस्तू. यंत्राला ती सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागदासारखी किंवा पेयाच्या डब्याच्या कडीसारखी भासते. गोव्याच्या वाळूत सोन्यापेक्षा बुचे आणि कड्या किती अधिक आहेत, हे येथील वाचकाला सांगायला नको. त्याहून मोठी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर या काळात लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि पावसाळ्यानंतर ती हळूहळू परत आणून टाकतात. ज्या वाळूत वाटी पडली ती वाळू वर्षभरानंतर त्या जागी असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

हे मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि पुन्हा पहिल्या प्रश्नावर आला. पाणी हिरवे पडले असेल तर?

समुद्राचा रंग बदलणे ही आपल्या किनाऱ्याला नवी गोष्ट नाही. गोव्याजवळच्या समुद्रात पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत, साधारण फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत, ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्म जीवाचे तपकिरी पट्टे दिसतात. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच त्यांची नोंद करून ठेवली आहे. पाण्यावर लाकडाचा भुसा सांडल्यासारखे ते दिसतात. दर्यावर्दी त्यांना समुद्राचा भुसाच म्हणत आले आहेत. हा जीव कुजू लागला की पाण्याचा रंग पालटतो आणि वास सुटतो. दुसरा नॉक्टिल्युका, रात्री लाटांवर निळा उजेड पाडणारा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुहू आणि देवगडच्या किनाऱ्यांवर हा उजेड पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली होती. त्याचा हिरवा प्रकार अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्याच्या अखेरीस इतका माजतो की उपग्रहाच्या छायाचित्रांत हिरवी वलये स्पष्ट दिसतात.

या हिरव्या प्रकाराचा माग काढणाऱ्यांत मूळचे गोव्याचे आणि पुढे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात काम करणारे हेल्गा द रोझारिओ गोम्स आणि ज्योकिम गोयश हे दोघे अग्रभागी आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात या शैवालाच्या वाढीचा संबंध समुद्रातील घटत्या प्राणवायूशी जोडला होता. पुढे २०२० मध्ये त्यांनी हिमालय आणि तिबेटच्या पठारावरील घटता बर्फ, त्यामुळे बदललेले हिवाळी वारे आणि अरबी समुद्रातील हा बदल यांची साखळी मांडली. पूर्वी जेथे माशांच्या अन्नसाखळीला आधार देणारी डायटमसारखी प्लवके वाढत, तेथे आता नॉक्टिल्युका वाढतो. मासे तो फारसा खात नाहीत, जेलीफिश आणि तत्सम प्राणी मात्र खातात. मासळीवर जगणाऱ्या राज्यात या संशोधनाची चर्चा जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे मला वाटते.

रंग बदललेले प्रत्येक पाणी विषारी नसते, आणि येथेच सामान्य माणसाची फसगत होते. नॉक्टिल्युका माणसाला बाधणारे विष तयार करतो असे आढळलेले नाही. त्याच्या पेशीत अमोनिया साठतो, तो मोठ्या प्रमाणात मरून कुजू लागला की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. ट्रायकोडेस्मियमच्या दाट पट्ट्यात पोहणाऱ्यांच्या त्वचेला खाज सुटू शकते. उलट शिंपल्यांत विष साठवणारी काही शैवाले इतक्या कमी संख्येने असतात की पाणी निळेशार दिसत राहते. डोळ्यांनी पाहून ठरवावे, तर डोळे दोन्ही बाजूंनी चुकतात. हिरव्या पाण्याला माणूस उगाच भितो आणि निळ्या पाण्याकाठी निर्धास्त शिनाणे खातो.

शिनाण्यांचा उल्लेख मुद्दाम केला. या किनारपट्टीवर शैवालाने घेतलेले बळी पोहणाऱ्यांचे नाहीत, खाणाऱ्यांचे आहेत. मंगळुरूजवळच्या कुंबळे येथे १९८३ मध्ये खाडीतील शिंपल्या खाऊन अनेक जण आजारी पडले आणि एका मुलाचा मृत्यू झाला. केरळात विळिंजम येथे १९९७ मध्ये शिनाण्यांच्या जातीतील कालवे खाल्ल्याने सात जण दगावले आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. हे विष उकळल्याने जात नाही. ओठांना, बोटांना मुंग्या येणे हे त्याचे पहिले लक्षण. घाटावरून आलेला पाहुणा ते मसाल्याच्या माथी मारण्याचा संभव अधिक.

आता हवेचे. २००४ च्या सप्टेंबरमध्ये केरळच्या कोल्लमपासून विळिंजमपर्यंतच्या किनाऱ्यावर समुद्रातून असह्य दुर्गंध येऊ लागला. दोनशेहून अधिक माणसांना, त्यांत मुले जास्त, मळमळ, छातीत दुखणे आणि थोड्या वेळापुरता श्वास लागणे असा त्रास झाला. पुढच्याच वर्षी, जुलै २००५ मध्ये, इटलीतील जेनोवाच्या किनाऱ्यावर सुमारे दोनशे जणांना ताप, खोकला आणि श्वासाच्या तक्रारींसाठी उपचार घ्यावे लागले. त्यांतील अनेक जण पाण्यात उतरलेही नव्हते. लाटा फुटताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर शैवालाचे विष हवेत आले होते. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर तर हे वारंवार घडते. तेथे केरेनिया ब्रेव्हिस नावाच्या शैवालामुळे २०१७ ते २०१९ या काळात आलेली लाल भरती वर्षाहून अधिक टिकली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये राज्यपालांना आणीबाणी जाहीर करावी लागली. या विषाने दम्याच्या रुग्णांना सर्वाधिक त्रास होतो. गोव्याच्या पाण्यात ते शैवाल माजले आहे असे मी म्हणत नाही. परंतु समुद्राचा त्रास पाण्यात शिरणाऱ्यालाच होतो, हा समज किती अपुरा आहे, ते या तिन्ही ठिकाणी दिसले.

फ्लोरिडाचा दाखला आणखी एका कारणासाठी. धातुशोधक यंत्र घेऊन किनाऱ्यावर फिरणे हा तेथे मोठा छंद आहे. १७१५ मध्ये वादळात बुडालेल्या स्पॅनिश जहाजांच्या ताफ्यातील नाणी पूर्वेकडच्या किनाऱ्यावर अद्याप सापडतात, त्या पट्ट्याला नावच खजिन्याचा किनारा असे पडले आहे. यंत्रवाल्याची दिवसभराची वाट लाटा फुटतात त्या ओल्या पट्ट्यातूनच जाते. पोहणारा अर्धा तास पाण्यात राहून सावलीत परततो. यंत्रवाला तासन्‌तास तुषारांच्या हवेत असतो, दर चार पावलांवर वाकतो, उघड्या हातांनी वाळू उकरतो, आणि शैवालाबरोबर वाहून आलेले कुजके मासे, फेस आणि काचांचे तुकडे त्याच पट्ट्यात साचलेले असतात. कानांवर यंत्राचे श्रवणयंत्र आणि नजर खाली, त्यामुळे आजूबाजूची माणसे खोकू लागली आहेत हेही त्याच्या ध्यानी येत नाही. मजा एवढीच की, पाहणाऱ्याला तो किनाऱ्यावरचा सर्वांत सुरक्षित माणूस वाटतो, कारण तो पाण्यात नाही.

मग गोव्यात त्याला कोणी सावध करायचे? किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत. २००८ पासून राज्य सरकारने ते काम दृष्टी या खासगी संस्थेकडे दिले आहे आणि बुडणाऱ्यांना वाचवण्याची तिची कामगिरी वादातीत आहे. लाल बावटा असेल तेथे उतरू नये, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या भागात पोहावे, हे आता बहुतेक पर्यटकांना कळते. हा बावटा लाटांचे आणि ओढीचे सांगतो. पाण्यात काय आहे, ते सांगण्याची सोय त्या रंगांत नाही. शांत समुद्रावर शैवालाचा थर दाट साचतो, आणि नेमका त्याच दिवशी बावटा सर्वांत आश्वासक असतो.

माहिती नाही म्हणून सांगत नाहीत, असेही नाही. हैदराबादेत भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, ही केंद्र सरकारची संस्था आहे. त्सुनामीचे इशारे, मच्छीमारांसाठी मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती, उंच लाटांचे अंदाज हे सारे तेथून निघते. २०२० मध्ये या संस्थेने शैवालफुलोऱ्याची माहिती देणारी सेवा सुरू केली. उपग्रहांनी टिपलेला समुद्राचा रंग आणि पृष्ठभागाचे तापमान यांवरून रोज नकाशे तयार होतात. औरादच्या माणसाला हैदराबाद परके नाही. दवाखाना, लग्नाचा बस्ता, मुलांची नोकरी यांसाठी तो तेथे जातोच. १९५६ पर्यंत बीदर त्याच संस्थानाच्या आणि नंतर राज्याच्या नकाशात होते. समुद्र कोठे हिरवा पडला आहे याचे ज्ञान त्याच्या गावापासून दोनशे किलोमीटरच्या आत तयार होते, आणि त्याच्यापर्यंत पोहोचते ती तारीख-वार नसलेली चित्रफीत.

त्या सेवेलाही मर्यादा आहेत. तिने शैवालफुलोऱ्याची चार प्रमुख क्षेत्रे निश्चित केली, ती म्हणजे ईशान्य अरबी समुद्र, केरळचा किनारा, मन्नारचे आखात आणि ओडिशातील गोपाळपूर. गोवा त्यांत नाही. उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका शेकडो मीटर ते एक किलोमीटर एवढ्या समुद्राचा असतो, काठाजवळचा गाळ आणि शैवाल यांत त्याला सहज फरक करता येत नाही, आणि पावसाळ्यात ढगांमुळे त्याला काही दिसत नाही. कांदोळीच्या किनाऱ्यावर आज सकाळी काय आहे, हे त्यातून थेट कळणार नाही.

पण कांदोळीचेच पाहा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरावीक ठिकाणी जाऊन पाण्याचे नमुने घेत आली आहे. पावसाळ्यात वाऱ्यामुळे खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले, पण प्राणवायू नसलेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होण्याइतकी स्थिती बिघडते, हे या नोंदींतून जगाला कळले. २००० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर लिहिले. आपल्या सर्वाधिक गजबजलेल्या किनाऱ्यासमोरच्या पाण्याचा इतका दीर्घ आणि बारकाईचा अभ्यास देशात अन्यत्र क्वचितच झाला असेल. त्याच किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्या माणसासाठी त्यातील एक ओळही फलकावर येत नाही. दोष शास्त्रज्ञांचा नव्हे. शोधनिबंधाचे रूपांतर सूचनेत करणे हे त्यांचे काम नाही. ते काम पर्यटन खात्याचे आहे आणि ते आपले आहे, असे खात्याने कधी मानलेले दिसत नाही.

फ्लोरिडात हे कसे करतात ते सांगण्यासारखे आहे, कारण त्यात फारसा खर्च नाही. तेथील मोट या सागरी प्रयोगशाळेने २००६ पासून किनाऱ्यांची स्थिती कळवणारी एक व्यवस्था चालवली आहे. जीवरक्षक आणि प्रशिक्षित स्वयंसेवक किनाऱ्यावरूनच कळवतात की पाण्याचा रंग कसा आहे, मेलेले मासे आहेत काय, वारा कोणीकडून आहे, आणि आसपास किती माणसे खोकत आहेत. शेवटचा प्रश्न ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण हवेत आलेल्या विषाची तीच सर्वांत लवकर मिळणारी खूण आहे. राज्याचे वन्यजीव आयोग पाण्याच्या नमुन्यांचे निष्कर्ष नकाशावर प्रसिद्ध करते. पर्यटक घरातून निघण्यापूर्वी ते पाहतो आणि दुसऱ्या किनाऱ्यावर जातो. सुट्टी रद्द करीत नाही.

आपल्याकडे याला विरोध होईल तो येथेच. हिरव्या पाण्याची सूचना लावली तर गर्दी ओसरेल, खोल्या रिकाम्या राहतील, अशी भीती बोलून दाखवली जाईल. ती अगदीच निराधार नाही. हंगामातील चार आठवड्यांवर वर्ष काढणारी कुटुंबे या राज्यात आहेत. परंतु २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांत जेलीफिशच्या दंशाच्या नव्वदहून अधिक घटना घडल्या, दृष्टीने त्या आकड्यांसह जाहीर केल्या आणि पर्यटकांना सावध केले. देशभर बातम्या झाल्या. त्यामुळे गोवा ओस पडला नाही. उलट दंश झाल्यावर काय करावे, हे लोकांना कळले. गोव्याची बदनामी सूचनेने होत नसते. ती वर्षानुवर्षे फिरणाऱ्या त्या अनाम चित्रफितीने होते, आणि तिला खोडून काढणारी अधिकृत नोंद आपल्याकडे नसल्यामुळे ती खरी ठरते. किनाऱ्यावर दारू पिणे आणि बाटल्या फोडणे यांविरुद्ध २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून व्यक्तीला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार रुपये दंड ठरवताना आपण पर्यटक दुरावेल म्हणून थांबलो नव्हतो.

समुद्री जीवांच्या धोक्यासाठी जांभळा बावटा अनेक देशांत वापरला जातो. जीवरक्षकांना पाण्याचा रंग, मेलेले मासे, वास आणि खोकला या चार गोष्टींची रोज सकाळी नोंद करायला सांगणे, शंका आल्यास दोनापावलला नमुना पाठवणे आणि निष्कर्ष येईपर्यंत जांभळा बावटा लावणे, यासाठी नवे मंत्रालय लागत नाही. शिंपल्यांबाबतची सूचना मासळी बाजारातही लावावी लागेल. आणि तिची भाषा? गोव्याच्या किनाऱ्यांवर सुट्टीत येणारा मोठा वर्ग बेळगाव, विजापूर, कलबुर्गी, बीदर, सोलापूर, लातूर, नांदेड येथून येतो. इंग्रजी फलक त्याच्यासाठी चित्रासारखा असतो. आपल्या मराठी वृत्तपत्रांनीही हवामान, भरती-ओहोटी आणि मासळीचे दर यांच्या शेजारी पाण्याची स्थिती छापण्याची मागणी आजवर केली नाही. मी ही चौकट रोज पानावर बसवतो, तेव्हा ही चूक माझ्याही पदरात पडते.

सापडलेल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. किनाऱ्यावर हरवलेली अंगठी सापडणाऱ्याची होत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते, आणि मालक शोधण्याचा प्रयत्न न करता ती पचवणे हा गुन्हा ठरू शकतो. जमिनीत दडवलेल्या धनासाठी १८७८ चा केंद्रीय कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहाचा तो आकडा अजून तसाच आहे. कर्नाटकाने १९६२ मध्ये यासाठी स्वतःचा कायदा केला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सत्तरीतील नानोडा-बांबर येथे बागायतीत तांब्याची ८३२ जुनी नाणी सापडली, ती शासनाकडे गेली. यंत्र घेऊन जुन्या किल्ल्यांच्या पायथ्याशी फिरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. वाटी सापडली असती तर ती भावजयीचीच होती, तिला यांतील कोणताही कायदा आडवा येत नव्हता.

भावाला मी त्या संध्याकाळी परत फोन केला. इन्कॉइसचा नकाशा पाहिला होता, त्यात गोव्यासमोर काही ठळक दिसत नव्हते, आणि काठाजवळचे तो नकाशा सांगू शकत नाही हेही त्याला सांगितले. ये, पण सकाळी पाणी पाहून ठरवू. वास आला किंवा काठाला मेलेले मासे दिसले तर मुलीला घेऊन थेट मंदिरांकडे वळू. तिचा पंप गाडीत न ठेवता खिशात ठेव. शिंपल्या खाऊ नका, असेही म्हणालो, त्यावर तो हसला. औरादची माणसे तशीही त्यांच्या वाटेला जात नाहीत.

ते आले. पहिल्या दिवशी पहाटे आम्ही दक्षिण गोव्यातील एका किनाऱ्यावर उतरलो तेव्हा रापणकार जाळे ओढत होते. त्यांच्यातील एका वयस्काला पाणी कसे आहे म्हणून विचारले. त्याने जाळ्याच्या दोरीला लागलेले पाणी बोटांनी चोळले, वास घेतला आणि म्हणाला, "उदक बरें आसा. दोनपारचें म्हाका सांगूंक जायना." मुलगी पाण्यात गेली. भाऊ यंत्र घेऊन दुपारपर्यंत ओल्या वाळूत फिरला. अकरा बुचे, एक वाकलेला चमचा आणि पाच रुपयांचे एक नाणे मिळाले. दुपारी वारा फिरला तेव्हा मी पुन्हा काठाकडे जाऊन पाहून आलो. रापणकार केव्हाच निघून गेले होते आणि जीवरक्षकाच्या मनोऱ्यावरचा बावटा सकाळचाच होता.